डिसेंबरात लग्न आहे. साडेतीन लाखांत बसवायचंय आणि मागं कचऱ्याचा ढीग नकोय

मांजराकाठ | ३ सप्टेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतीच वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझं लग्न ठरलंय. माहेर लातूर जिल्ह्यात, मांजरेकाठचं गाव. सासर परभणी जिल्ह्यात, पूर्णेकडं. आम्ही दोघंही पुण्यात नोकरीला. लग्न मार्गशीर्षात, माझ्या गावात. खर्च दोन्ही घरांचा निम्मा-निम्मा, मिळून साडेतीन लाख, सोनं सोडून. बाबा म्हणायलेत गावच्या सोसायटीतून अजून दोन लाख कर्ज उचलतो. यंदा सोयाबीनची गत बघून मी त्यांना हात जोडलेत.

पैशाइतकंच दुसरंही डोक्यात आहे. गेल्या वैशाखात चुलतबहिणीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवामागं गेले तर तिथं पाण्याच्या छोट्या बाटल्यांचा ढीग. एकेक घोट पिऊन टाकलेल्या. काय सुचलं माहीत नाही, मी एकेकीचं बूच उघडून पाणी बादलीत ओतत बसले. दोन बादल्या भरल्या तरी ढीग तसाच. आमच्या गावाला चैत्रापासून टँकर असतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी नववीत होते, लातुरात आत्याकडं राहायचे. शाळा बुडवून टँकरपाशी घागरींच्या रांगेत नंबर धरलाय मी. आणि इथं शेजारी आमची शेळी चंदेरी पत्रावळ चघळत उभी.

तर आपल्या लग्नात हे नको, एवढंच ठरवलंय. नेटवर शोधलं तर मातीत पेरता येणाऱ्या बीजपत्रिका, सुपारीच्या पानांची ताटं, बांबूचे चमचे असलं काय काय दिसतं, आणि भाव बघून वाटतं की निसर्ग फक्त श्रीमंतांनीच वाचवायचा. आपल्याकडं कुणी स्वस्तात केलंय का? बाबांचा आकडा १२०० माणसांचा आहे, माझा ४००.

उदगीरकर | ३ सप्टेंबर, रात्री ११:०५

अभिनंदन ताई. ताटं-चमचे नंतर बघू, आधी आवतणाचं बोला. तुमच्या बाबांचा १२०० आकडा कुठून आला सांगतो. गावाला चूलबंद आवतण धरलंय त्यांनी. म्हणजे घरातली चूल पेटायचीच नाही, आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे मांडवात. तेच आवतण घरटी एक केलं की आकडा कुठल्या कुठं येतो. यात कुणाचा अपमान नाही. दोन्ही पद्धती आपल्याच, गावाला दोन्ही कळतात. फक्त सांगताना स्पष्ट सांगायचं. सांगणारा घुटमळला की ऐकणारा चूलबंदच धरतो.

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात भावकीला चूलबंद आणि बाकी गावाला घरटी एक असं केलं होतं. साडेतीनशेच्या आत पंगती उठल्या.

खडकाळ | ४ सप्टेंबर, सकाळी ७:३०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पर्यावरणपूरक वगैरे म्हणजे चिकटपणाला दिलेलं गोंडस नाव आहे. तुम्ही पुण्याला निघून जाल. गावात राहायचंय तुमच्या बाबांना. उद्या पारावर कुणी म्हणालं की पोरीच्या लग्नात पत्रावळीवर भागवलं, तर ते कुणी ऐकायचं?

औंढ्याची सून | ४ सप्टेंबर, सकाळी ९:१८

खडकाळदादा, पारावरचे लोक पाच पक्वान्नं खाऊन हात धुता धुता वरणात मीठ कमी होतं म्हणतात. त्यांच्यासाठी कर्ज काढायचं का?

मांजराकाठ, पत्रावळीचं मी सांगते. माझं माहेर किनवटकडचं. तिकडं जंगलात पळस भरपूर, बायका घरी पत्रावळी लावतात. पळसाची पानं उन्हात वाळवून दाबून ठेवायची, लावताना पाण्याचा हबका मारून मऊ करायची आणि बारीक काड्यांनी टाचायची. सुपारीच्या ताटापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि पैसा आपल्याच भागातल्या बाईच्या हातात जातो. सुपारीची ताटं कर्नाटकातून गाडी भरून येतात, तो धूर कोण मोजतो?

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जेवायच्या आधी पत्रावळीवर पाण्याचा हात फिरवायचा, नाहीतर कोरडी पानं तडकतात. आणि पातळ वरण असेल तर दुहेरी पत्रावळ घ्या. एकेरीतून वरण मांडीवर येतं, अनुभव आहे!

त्या चंदेरी पत्रावळी मात्र घेऊच नका. दुकानदार कागदाच्या आहेत म्हणून देतो, पण वरचा चकचकीत थर कुजत नाही. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतोच. चहा हॉटेलातल्यासारखा काचेच्या ग्लासात द्या.

मांजराकाठ | ४ सप्टेंबर, दुपारी १:४०

घरटी एक! हे मला सुचलंच नव्हतं. आज बाबांना फोन करते.

एक शंका. आमच्या मारुतीच्या देवळात गावकीची स्टीलची ताटं-वाट्या आहेत, चारेकशे माणसांना पुरतील इतक्या. भाडं नावापुरतं. मग पत्रावळी तरी कशाला?

खडकाळ | ४ सप्टेंबर, दुपारी २:०२

आणि ती ताटं धुवायला पाणी कुठून आणणार? मघाशी दोन बादल्यांसाठी रडत होता.

तुरीचं शेत | ४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५५

खडकाळ खवचट बोलतात, पण मुद्दा बरोबर आहे. आपल्याकडं ही गोष्ट महिन्यावर ठरते. चैत्र-वैशाखात लग्न असेल तर पत्रावळच. विहिरी तळाला गेलेल्या, टँकरच्या पाण्यानं ताटं धुणं हा शुद्ध गाढवपणा. मार्गशीर्षात विहिरीला पाणी असतं, तेव्हा स्टील चालेल.

धुवायची रीत सांगतो, आमच्या सप्त्यात हीच असते. ताट आधी भुश्शानं नाहीतर राखेनं कोरडं पुसून घ्यायचं. खरकटं तिथंच निघतं. मग तीन टप ओळीनं. पहिल्यात घासायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात बुडवून काढायचं. पहिला टप घाण झाला की ओतायचा, दुसरा पुढं सरकवायचा, मागं नवा भरायचा. नळाखाली धरून धुण्याच्या निम्मंही पाणी लागत नाही. ओतलेलं पाणी आंब्याच्या आळ्यात सोडा, फक्त राखेवर भागवा, पावडर नको.

तुम्ही जो महिना निवडलाय ना, तिथंच निम्मं काम झालंय. मे महिन्यात ४२-४३ अंशांत लग्न म्हणजे कूलर, जनरेटर, बर्फाच्या लाद्या, थंड पाण्याचे जार. हिवाळ्यात यातलं काहीच लागत नाही.

जोगाईचा आचारी | ५ सप्टेंबर, रात्री ९:२०

पोरीनं टाइप करून दिलंय, चुकभूल माफ.

मी अंबाजोगाईचा. तीस वर्षं झाली भट्टीपुढं. ताई, अन्न वाया जातंय ते बफेमुळं. बफेत शेवटचा माणूस आला तरी सगळी भांडी भरलेली दिसली पाहिजेत, नाहीतर मालकाला वाटतं इज्जत गेली. मग रात्री ते भरलेलं कोण खाणार? पंगतीत तसं नाही. वाढपी मागितलं तेवढं वाढतो, लागलं तर परत येतो. वाढायला गावातली पोरं घ्या, पण त्यांना आधी सांगा की पहिल्या वाढीला अर्धा डाव. पोरं हौसेनं ढीग घालतात.

जिन्नस पाचच ठेवा. खपली गव्हाची खीर, पुरी, वांग्याची रस्सा भाजी, वरण-भात, वर शेंगदाण्याची चटणी. पनीर नको. ते आपलं नाही, महाग पडतं आणि उरलं तर टिकत नाही. खिरीला गूळ घाला, खोबरं, बडीशेप, सुंठ. खपली रात्री भिजवून, कांडून, पहाटे चुलीवर टाकायची. वरण आपल्याकडच्याच डाळीचं करा. निलंग्याकडची बोरसुरीची तूरडाळ मिळाली तर बघा, वरणाला वेगळाच वास येतो.

आता भाताची गोष्ट. लोक इथं फसतात. शंभर माणसाला एरवी आठ किलो तांदूळ लागतो. खीर-पुरी असली की सहात भागतं. पण सगळा एकदम शिजवायचा नाही. पहिला हंडा दोन पंगतींचा. दुसऱ्याचं आधण ठेवायचं आणि तांदूळ धुऊन बाजूला. दुसरी पंगत बसली की मांडवात एक चक्कर मारायची, उभी माणसं मोजायची, मगच तांदूळ वैरायचा. अर्ध्या तासात भात तयार. न शिजवलेला तांदूळ घरी जातो, शिजवलेला उकिरड्यावर.

मांजराकाठ | ५ सप्टेंबर, रात्री ९:४८

काका, आधण ठेवून माणसं मोजायची कल्पना वाचून मी बसल्या जागी टाळी वाजवली.

गोठ्यातला डॉक्टर | ६ सप्टेंबर, सकाळी ८:११

उरलेल्या अन्नाचं कुणी बोललं नाही म्हणून. मी पशुवैद्यक आहे. लग्नसराईत दर आठवड्याला एकतरी फोन येतो, गाय फुगलीय म्हणून. विचारलं की कळतं, काल मांडव होता, उरलेला भात न् पुऱ्या जनावरांपुढं टाकल्या. जनावराला सवय कडब्याची. एकदम पाटीभर शिजलेलं धान्य पोटात गेलं की तिथं आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, वेळेवर इलाज नाही झाला तर जनावर दगावतं. शिळंपाकं द्यायचंच तर मूठ-दोन मूठ, कडब्यात मिसळून, आणि पाच-सात घरांच्या जनावरांत वाटून. बाकीचं खड्ड्यात, शेण-पाचोळ्याच्या थरात. गोमाता आशीर्वाद देईल म्हणून पाटी पुढं ठेवणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

गावगाडा | ६ सप्टेंबर, रात्री ८:३०

मी ग्रामसेवक. कायद्याचं थोडक्यात.

थर्माकोलची ताटं-वाट्या राज्यात २०१८ पासून बंद आहेत. सजावटीचं थर्माकोल, प्लास्टिकचे ग्लास-चमचे-ताटं १ जुलै २०२२ पासून देशभर बंद. १०० मायक्रॉनखालचे पीव्हीसी फलकही त्यातच आले. म्हणजे फाट्यावर चाळीस फोटोंचा जो शुभविवाहाचा फ्लेक्स लागतो, तो लावण्याआधी बघा. मला स्वतःला पोत्यावर चुन्यानं 'लग्नाकडे' लिहून काढलेला बाण जास्त आवडतो.

ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद. वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. डॉल्बीवाल्याला हा आकडा सांगून बघा, हसेल.

लग्नानंतर ९० दिवसांत ग्रामपंचायतीत नोंदणी करून घ्या, तीन साक्षीदार लागतात. आणि हे तुमच्यासाठी नाही, पण धागा वाचणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल: शेतकरी-शेतमजूर घरातल्या मुलींसाठी शुभमंगल सामूहिक किंवा नोंदणीकृत विवाहाला शासनाचं अनुदान आहे. पूर्वी १०,००० होतं, आता २५,०००. अटी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारा.

बाराखडी | ७ सप्टेंबर, दुपारी ४:०५

निवृत्त शिक्षक, जालना. अक्षतांकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. चारशे माणसं, प्रत्येकाच्या मुठीत तीसेक ग्रॅम धरा, बारा किलो धान्य झालं. आमच्याकडे तांदळाऐवजी ज्वारी घेतात, म्हणजे बारा किलो ज्वारी पायाखाली. वर तिला गुलाबी रंग. चिमण्यांनीही खाऊ नये असा.

साधेपणाचं नवल वाटायचं कारण नाही. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लावलं. हार आणि पानसुपारी, खर्च एवढाच. त्या वेळी विरोध कमी झाला नव्हता, तरी लग्न लागलं. तुम्ही तर नुसत्या अक्षता बदलताय.

झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या करा. दिवाळी सरली की झेंडूचा भाव उतरतो. कधी कधी शेतकरी तोडणी परवडत नाही म्हणून रान मोडतो. गावातच कुणाचा असेल तर थेट रानातून घ्या.

मांजराकाठ | १९ सप्टेंबर, रात्री १०:५०

थोडी प्रगती, बरीच भांडणं.

घरटी एक आवतणाला बाबा तयार झाले, कारण आजोबांच्या वेळेस तसंच असायचं हे त्यांना स्वतःलाच आठवलं. मी म्हणाले असते तर ऐकलं नसतं. पाकळ्यांना मात्र सपशेल नकार. "अक्षतांबिगर लगीन लागतं का गं?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी आईनं तोड काढली. हळदीत घोळलेल्या तांदळाचं एक ताट, तेही घरातल्या दहा-बारा वडीलधाऱ्यांपुरतं, बाकी मांडवाला पाकळ्या. हळद वसमतची आणणार आहे, सासरहून जवळच आहे.

पत्रिकेचंही ठरलं. बीजपत्रिकेचा नाद सोडला. एक मैत्रीण म्हणाली तिच्या घरी तीन आल्यात, तिन्ही टीव्हीमागं खोचलेल्या. साधी एकपानी, लॅमिनेशन नसलेली, ऐंशी प्रती. देवाला, मामाला, भावकीला. बाकी सगळ्यांना मोबाइलवर आणि वर फोन. पत्रिका एकपानी केल्यानं 'विनीत' आणि 'कार्यवाह' मिळून बावन्न नावं उडाली आणि त्यातली नऊ माणसं रुसली. एक तर अजून रुसलेली आहेत.

खरी अडचण आहे टॉवेल-टोपी आणि डॉल्बीची.

उदगीरकर | १९ सप्टेंबर, रात्री ११:२०

टॉवेल-टोपीवर आमच्या घरची गोष्ट ऐका. वडिलांचा सत्कार एका लग्नात झाला, टॉवेल-टोपी-नारळ. आईनं टॉवेल कपाटात ठेवला, पुढं मामाच्या पोराच्या लग्नात तोच दिला. देताना गंमत म्हणून मी आतल्या घडीवर निळ्या पेनानं बारीक फुली मारली. चार वर्षांनी देवणीकडं एका लग्नात वडिलांचा परत सत्कार झाला. घरी येऊन पिशवी फोडली, टॉवेल उलगडला, आत फुली! प्लास्टिकची पिशवीसुद्धा तीच, फक्त पिवळी पडलेली. चार वर्षांत त्या टॉवेलनं एक ओला हात पुसला नव्हता.

तो पुसतही नाही म्हणा. पातळ, सुळसुळीत, नुसता दाखवायचा. हजार रुपयांत डझनभर मिळतात, ते त्यासाठीच.

औंढ्याची सून | २० सप्टेंबर, सकाळी १०:००

उदगीरकर, हसून पोट दुखलं. आमच्या घरी असल्या टोप्या एकोणीस आहेत. टोपी घालणारं घरात कुणी नाही.

मांजराकाठ, पत्रिकेवर 'आहेर आणू नये, दिला जाणार नाही' असं छापा. पण अर्धं छापून भागत नाही. नुसतं 'आणू नये' लिहिलं की लोक आणतातच, मग तुम्हाला परत द्यावं लागतं. आणि आत्या, मामी, मावशी यांच्या मानाला हात लावू नका. त्यांना चारच लुगडी द्या, पण नेसण्याजोगी. तिथं वाचवलेले दोन हजार पुढं वीस वर्षं ऐकावे लागतात.

खडकाळ | २० सप्टेंबर, दुपारी १२:१५

डॉल्बीचं मी सांगतो. नवरदेवाच्या मित्रांशी तुम्ही बोलू नका, नवरदेवाला बोलू द्या. आणि नुसतं 'नको' म्हणू नका. पोरांना नाचायचं असतं, डॉल्बी हे निमित्त. हलगी आणि संबळ लावा. आमच्या बीडकडं चांगली हलगी कडाडली की म्हातारीसुद्धा उभी राहते. जनरेटरची गाडी नाही, काचा हादरत नाहीत, आणि पैसे वाजवणाऱ्याच्या घरी जातात, डॉल्बीच्या हप्त्याला नाही.

(मी विरोधातच आहे, पण हलगीचं खरं ते खरं.)

तुरीचं शेत | २० सप्टेंबर, रात्री ९:३५

वऱ्हाड पूर्णेहून येणार ना? मग एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे आख्खी भाड्यानं घ्या. दोन गाड्यांत नव्वद माणसं बसतात, तेवढ्यालाच जीप केल्या तर दहा-बारा लागतील. आगारात महिनाभर आधी जाऊन अर्ज द्या, लग्नसराईत गाड्या मिळत नाहीत. फायदा अजून एक. गाडीत बसतील तेवढेच वऱ्हाडी, आयत्या वेळेला 'चला रे बसा' होत नाही.

मांजराकाठ | १४ डिसेंबर, दुपारी ३:३०

लग्न झालं! आठ दिवस झोपच घेत होते, म्हणून उशीर. तुम्ही सगळ्यांनी इतकं सांगितलंत, तर हिशेब द्यायला हवा.

मांडव घातला नाही. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात लग्न, समोर फक्त पंगतींपुरतं कापड. चार कोपऱ्यांना ऊस आणि केळीचे खांब, आंब्याचे डहाळे, झेंडूच्या माळा. झेंडू आमच्याच शिवारातला. ज्यांच्या रानातून घेतला त्या काकू पाकळ्या तोडायलाही येऊन बसल्या. माझ्या अंगावर आईची पैठणी, ब्लाउज तेवढा नवा.

माणसं ४०० धरली होती, जेवून गेली ५३०. घरटी एक म्हणून सांगितलं तरी काही घरांतून 'एका'सोबत दोन नातवंडं आली, त्यांना काय म्हणणार. पण जोगाईच्या काकांचा दुसरा हंडा! आमच्या आचाऱ्याला मी तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला होता. आधी तोंड वाकडं केलं, मग स्वतःच चक्कर मारून माणसं मोजायला लागला. दुसऱ्या पंगतीला त्यानं ठरवलेल्यापेक्षा तीन किलो जास्त वैरला, आणि शेवटी उरला तो भात घरच्या माणसांनी रात्री फोडणी देऊन संपवला.

आता फजित्या. ताटं चारशेचीच असल्यानं शेवटच्या पंगतीला किनवटच्या पत्रावळी काढल्या. मी घाईत एकेरी मागवल्या होत्या. औंढ्याची सून, तुम्ही सांगूनही! नवऱ्याच्या आत्यांच्या नव्या लुगड्यावर वरण. पहिली ओळख ती. शिवाय गावकीचे बावीस ग्लास गायब, ते भरून द्यावे लागले. पाणी माठ आणि पिंपांतून दिलं, ओगराळ्यानं. थंडीमुळं कुणी गार पाणी मागितलंही नाही. पण एक काका दुपारी प्रेमानं बाटल्यांची चार खोकी घेऊनच आले, "पाहुण्यांपुढं माठ काय ठेवता" म्हणत. ती खोकी आईनं गोड बोलून आतल्या खोलीत ठेवली आणि खोलीला कुलूप लावून किल्ली कनवटीला.

डॉल्बी आला नाही. हलगी आली, संबळ आलं, आणि साडेनऊला वरात देवळापाशी संपली. माझी सासू नाचली, तेही माझ्या आजीचा हात धरून. खडकाळदादा, व्हिडिओ पाठवू का?

पैसे सांगते. जेवण, म्हणजे किराणा, भाजी, गॅस, आचारी आणि मदतनीस सगळं धरून ९२,०००. सभामंडप, कापड, भांडी, बिछायत ४१,०००. दोघांचे आणि घरच्यांचे कपडे ६८,०००, इथं हात सैल सुटला. एसटीच्या दोन गाड्या ४६,०००. फोटोवाला ३०,०००, हलगी-संबळ-सनई १५,०००, मानाची लुगडी-फेटे २२,०००, फुलं ९,०००, पत्रिका ४,००० आणि किरकोळ म्हणून जे काय असतं ते १७,०००. झाले ३,४४,०००. सोसायटीत बाबांना जावं लागलं नाही. मंगळसूत्र आजीची जुनी बोरमाळ मोडवून केलं, त्यावर आजी दोन दिवस बोलली नाही, ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागं जाऊन बघितलं. पत्रावळी, पाकळ्या, खरकटं मिळून शेणखताच्या खड्ड्यात एक थर झाला. आणि एक पोतं प्लास्टिकचं निघालंच. कशाचं, तर आहेराच्या वेष्टनांचं. 'आणू नये' छापलं तरी साठेक लोकांनी आणलं, चकचकीत कागदात, वर चिकटपट्टी, वर रिबीन. सात भिंतीवरची घड्याळं आलीत.

औंढ्याची सून | १४ डिसेंबर, दुपारी ४:१०

सात घड्याळं म्हणजे सात लग्नांची सोय झाली!! आणि आत्यांच्या लुगड्याला लगेच ताक लावायचं होतं, डाग बसला असेल तर आता सांगून उपयोग नाही.

खडकाळ | १४ डिसेंबर, संध्याकाळी ७:४५

व्हिडिओ पाठवा. पारावर काय म्हणाले तेही सांगा.

मांजराकाठ | १४ डिसेंबर, रात्री ९:०२

बाबांना विचारलं. म्हणे, वरणात मीठ कमी होतं.

गोदेचं पाणी | १६ डिसेंबर, सकाळी ११:२५

नांदेडहून. पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. माझ्या भाच्याचं लग्न मेमध्ये आहे, तारीख बदलणं शक्य नाही, मुलीकडच्यांनी कार्यालय घेतलंय. आचारीकाका, खपलीची खीर सहाशे माणसांना किती लागेल?

जोगाईचा आचारी | १६ डिसेंबर, रात्री ९:५०

मेमध्ये खीर ठेवू नका. पहाटे केलेली दुपारच्या पंगतीपर्यंत आंबते, कितीही निगा राखा. बुंदी करा, चार दिवस टिकते, आदल्या दिवशी पाडून ठेवता येते. साखरेचा पाक एकतारीपेक्षा थोडा पुढं न्या. आन् सहाशे आकडा कुणी सांगितला ते आधी विचारून घ्या, मुलाकडचा की मुलीकडचा.